तीनशे पोशाख, पंच्याण्णव दिवस: ‘द स्लीपिंग प्रिन्सेस’चा कपडेपट, लंडन १९२१

४ फेब्रुवारी १९२२, शनिवार. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधल्या अल्हाम्ब्रा थिएटरात ‘द स्लीपिंग प्रिन्सेस’ या बॅलेचा शेवटचा प्रयोग झाला. एरवी खेळ संपला की बॅले कंपनीचे कपडे पेटाऱ्यांत भरले जात आणि गाडीवर चढत. या वेळी कपडे जागचे हलले नाहीत. थिएटरमालक सर ऑस्वाल्ड स्टोल यांचे सुमारे ११,००० पौंड सर्गेई दियागिलेव्ह यांच्या ‘बॅले रूस’ कंपनीकडे अडकले होते, आणि त्यांच्या वसुलीसाठी हाताशी होतं ते एवढंच: पाच देखाव्यांचे पडदे आणि लिओन बाक्स्त यांनी बेतलेले तीनशेच्या आसपास पोशाख.

बॅलेच्या पोशाखांचा इतिहास सांगताना हे प्रकरण बहुतेकदा ‘सुंदर पण बुडालेला खेळ’ एवढ्यावर आटोपतं. कपडेपट सांभाळणाऱ्याने पाहावं असं त्यात बरंच जास्त आहे. पोशाख उत्तम होते, आणि ते ज्या हिशेबावर शिवले गेले तो हिशेब त्या कपड्यांना लागू पडणारा नव्हता.

पेटाऱ्यातली कंपनी

१९०९ पासून बॅले रूसचा धंदा एका साध्या सोयीवर उभा होता. एका रात्री तीन-चार छोटे, एकांकी बॅले. प्रत्येकाला एखादा देखावा आणि त्याच्यापुरते कपडे. एक बॅले पडला तर त्याचे पेटारे मागे ठेवून दुसरे उघडायचे. पॅरिस, लंडन, माँटे कार्लो, माद्रिद, सगळीकडे हेच. कपडे बनतानाच प्रवासाचे बनत: घडी घालता येतील, पेटाऱ्यात दाबले तरी मरणार नाहीत, आणि मुख्य म्हणजे एका खेळाचे दुसऱ्यात खपवता येतील.

१९२१ च्या सुरुवातीला नृत्यरचनाकार लिओनिद मासीन कंपनीतून बाहेर पडले आणि नवे बॅले बसवणारं कुणी उरलं नाही. त्याच सुमाराला लंडनमध्ये ‘चू चिन चाऊ’ या संगीतिकेचे प्रयोग संपले. १९१६ मध्ये सुरू झालेला तो खेळ २,२३८ वेळा झाला होता. दियागिलेव्हच्या मनाने तेच घेतलं: रोज रात्री एकच खेळ, तोही महिनोन्‌महिने, आणि नव्या बॅलेची कटकटच नको. त्यासाठी नृत्यरचनाकार पेतिपा आणि संगीतकार चायकॉव्हस्की यांचा ‘स्लीपिंग ब्यूटी’ निवडला. १८९० मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात तो पहिल्यांदा झाला तेव्हा शाही थिएटरांचे संचालक इव्हान व्सेवोलोझ्स्की यांनी पोशाख स्वतः रेखाटले होते आणि खर्च दरबाराच्या तिजोरीतून झाला होता. लंडनमध्ये ती तिजोरी नव्हती. स्टोल यांनी आधी १०,००० पौंड उचल दिली, मग आणखी ५,०००, आणि पुन्हा ५,०००. नाव ‘ब्यूटी’ऐवजी ‘प्रिन्सेस’ केलं, कारण नाताळात त्या नावाचे पोरांसाठीचे पँटोमाइम इंग्लंडभर लागत.

नृत्यं जुन्या लिपीबद्ध टिपणांवरून निकोलाय सेर्गेयेव्ह यांनी बसवली, भर नृत्यरचनाकार ब्रोनिस्लावा निजिन्स्काने घातली. ती बाजू मोठी आहे, पण इथे तिचं काम एवढंच: नृत्याचा आराखडा ठरलेला होता, म्हणजे रंगमंचावर कोण किती वेळा येणार हेही ठरलेलं होतं. पोशाखांची संख्या कमी करायला वावच नव्हता.

बाक्स्त यांच्यापुढचं काम

बॅलेत दाखवायच्या जुन्या फ्रेंच दरबारी काळाचे खरे जाणकार, नेपथ्यकार अलेक्सांद्र बनुआ, पेत्रोग्रादमध्ये होते आणि येणार नव्हते. काम बाक्स्तकडे आलं ते उशिरा. हाती वेळ दोन महिन्यांहून कमी. दोन महिने धरले तरी रोज पाच पोशाख पडतात, आणि पडद्यांची रेखाटनं वेगळीच.

हे जमलं याचं एक कारण म्हणजे विषय त्यांच्या हातातला होता. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या हिप्पोड्रोममध्ये आना पाव्हलोव्हासाठी याच बॅलेची छोटी आवृत्ती त्यांनी सजवली होती. त्या वेळचा विचार, त्या वेळचे काही आकार परत कामी आले. हे कुणी कमीपणाने घेऊ नये. मुदतीच्या कामात जुनी वही उघडता येणं हा कसबाचाच भाग असतो.

आता काय काय लागणार होतं ते पाहा. पूर्वरंगात राजदरबार आणि वरदान द्यायला आलेल्या पऱ्या: पाइनवनाची, चेरीच्या बहराची, कार्नेशनची, गाणाऱ्या पाखरांची, गुंजन-पक्ष्यांची, लायलॅकची. प्रत्येकीचा रंग दुसरीपासून लांबून ओळखू यायला हवा, आणि प्रत्येकीच्या मागे तिचा परिवार. पुढे गावकरी मुलींचा मालानृत्याचा समूह. मग शापाने झोपलेल्या राजकन्येची शंभर वर्षं उलटतात आणि शिकारीचा प्रवेश येतो: डचेस, मार्क्विस, शिकारी, हाकारे. शंभर वर्षं गेली हे प्रेक्षकाला कळायचं कशावरून? कपड्यांच्या बेतावरून. म्हणजे दोन काळांचे कोट, दोन काळांचे टोप, आणि एकाचा कपडा दुसऱ्यात वापरायची सोय नाही. शेवटी लग्न, त्यात नीलदाढ्या आणि त्याची बायको, शहरझाद आणि शहा, चिनी मातीच्या राजकन्या आणि मँडरिन, बूटवाला बोका, लाल टोपीवाली, नीलपक्षी, रशियन इव्हान आणि त्याचे भाऊ. एका अंकात फ्रेंच, इराणी, चिनी आणि रशियन बेत. चार तऱ्हांची कापणी म्हणजे चार तऱ्हांचे नमुनाकागद. कोणत्याही शिंप्याला विचारा: एकाच बेताचे चाळीस सदरे सोपे, चाळीस बेतांचा एकेक सदरा महाग.

रेखाटनापासून हुकापर्यंत

काम एका छताखाली झालं नाही. पॅरिसमध्ये मारी म्युएल यांचं शिवणघर, शिवाय पिएर पितोएफ. लंडनमध्ये मिस नॉर्मन आणि ग्रेस लोव्हाट फ्रेझर. ग्रेसचे पती क्लॉड लोव्हाट फ्रेझर हे त्या काळचे नावाजलेले नेपथ्यकार. ते त्याच जूनमध्ये वारले होते. एवढ्या थोड्या दिवसांत एका शिवणघराला तीनशे पोशाख झेपले नसते, म्हणून वाटणी अटळ होती. पण वाटणीची किंमत असते. एकाच रंगाचं साटीन दोन शहरांत घेतलं तर रंगाच्या दोन छटा निघतात. दुकानात शेजारी ठेवून जुळणारे दोन तुकडे रंगमंचाच्या दिव्याखाली वेगळे दिसतात. उपाय एकच: एका समूहाचे सगळे कपडे एकाच घराकडे द्यायचे आणि ठाण एकदम उचलायचं.

असा दरबारी कोट घडतो कसा? चित्रातला माणूस आठ डोकी उंच असतो, त्याची कंबर चिमटीत मावते आणि हात उंचावलेले असतात. कापणाऱ्याला त्या चित्रातून दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात: कोटाची खरी शिवण कुठे येणार, आणि नक्षीची मापं काय. मग नर्तकाची मापं. साध्या मापांबरोबर हात सरळ वर केल्यावर काखेपासून कमरेपर्यंतचं अंतर घेतात, कारण कपडा नेमका तिथेच फाटतो. मग जाड सुती कापडाचा साचा कच्च्या टाक्यांनी अंगावर बसवून पाहायचा. काखेत चौकोनी तुकडा जोडायचा, म्हणजे हात उचलला की कोटाचा घेर वर चढत नाही. सतराव्या शतकाच्या खऱ्या कोटाचा बेत जसाच्या तसा घेतला तर नर्तकाला हात खांद्यावर नेता येणार नाही. बेत जुना दिसावा पण बाही नाचणाऱ्याची असावी.

साचा पटला की वरचं कापड आणि अस्तर एकत्र कापतात. अस्तर मजबूत सुती हवं, कारण ताण अस्तराने झेलायचा असतो. रेशीम फक्त दिसण्यापुरतं. नक्षी शिवणी जोडण्याआधी, कापड सपाट असतानाच चढवायची. बाक्स्तच्या टिकून राहिलेल्या पोशाखांकडे जवळून पाहिलं तर लांबून भरजरी कशिदा वाटणारी जागा बऱ्याचदा कापून लावलेल्या कापडाची, फीत-झालरीची आणि थेट रंगवलेल्या नक्षीची निघते. यात काटकसर आहेच, पण दृष्टीही आहे. विसाव्या रांगेतून बारीक टाका दिसतच नाही. तिथून दिसतो आकार आणि त्याची कडा. म्हणून पान तळहाताएवढं, आणि त्याच्या कडेला गडद रेघ किंवा दोरा. रेघ नसेल तर सोनेरी पान पिवळ्या साटीनवर विरघळतं.

जरीचीही तीच गत. खरी सोन्या-चांदीची जर महाग आणि जड. रंगमंचावर तांब्याच्या मुलाम्याची फीत तेवढीच चमकते, पण घामाने आणि गॅस-कोळशाच्या शहरी हवेने लवकर काळवंडते. महिनाभराच्या खेळाला ती चालते. वर्षभराच्या खेळाला मध्येच बदलावी लागते, आणि तो खर्च पहिल्या अंदाजपत्रकात कुणी धरत नाही.

दिव्यांचा प्रश्न वेगळा. १९२१ चे रंगमंचावरचे दिवे तापलेल्या तारेचे, पिवळसर. पिवळ्या उजेडात लाल, केशरी, सोनेरी फुलतात, आणि निळा-जांभळा मळतो. या बॅलेतली सर्वांत महत्त्वाची परी लायलॅकची, म्हणजे फिक्या जांभळ्याची. दिवसाच्या उजेडात निवडलेला फिका जांभळा रात्री राखाडी दिसतो. म्हणून तो गुलाबीकडे झुकलेला घ्यावा लागतो, किंवा शेजारी त्याला उठाव देणारा रंग ठेवावा लागतो. कापड दिव्याखाली पाहिल्याशिवाय ठाण कापू नये हा नियम इथूनच येतो.

नाचणारे कपडे आणि उभे राहणारे कपडे

या कपडेपटात दोन जातींचे पोशाख होते आणि त्यांची दुखणी वेगवेगळी.

दरबारी मंडळी बहुतेक वेळ चालतात, वाकतात, उभी राहतात. त्यांचे कोट, लांब झगे, पिसांचे टोप जड असले तरी चालतं. उलट वजनाने चाल भारदस्त होते. त्यांचा शत्रू म्हणजे शेपटावर पडलेला दुसऱ्याचा पाय, आणि टोपाचा तोल. टोप डोक्यावर नुसता ठेवला की मान वळताना एक क्षण मागे राहतो आणि मग घसरतो. त्याला आतून डोक्याच्या मापाची पट्टी आणि हनुवटीखालून किंवा केसांच्या टोपाला अडकवायची सोय लागते.

नाचणाऱ्या मुलींचे घागरे, म्हणजे टूटू, ही दुसरी जात. त्या काळी ते टार्लटनचे असत. टार्लटन म्हणजे खळ देऊन ताठ केलेलं विरळ सुती कापड. त्याचे अनेक थर, आतला आखूड आणि बाहेरचा लांब, एका घट्ट कमरपट्टीला चुण्या घालून टाचलेले. वरच्या थरावर सजावट. १९२१ मध्ये घेर आजच्यासारखा थाळीसारखा आडवा नव्हता. तो घंटेसारखा खाली उतरत गुडघ्याच्या आसपास यायचा, त्यामुळे बाक्स्तला नक्षी काढायला जागा मिळाली. आणि तिथेच पेच आहे. वरच्या थरावर जेवढी पानं-फुलं-फिती चढवाल तेवढा तो जड होतो आणि खालच्या थरांना दाबतो. गिरकीत घेर वर उचलला जात नाही. खाली आलेला घेर पाय झाकतो, आणि पाय झाकले की नर्तकीची अर्धी मेहनत प्रेक्षकाला दिसत नाही.

टार्लटन धुता येत नाही. पाण्यात घातलं की खळ जाते आणि हाती मऊ चिंधी उरते. घामाने कमरेजवळचे थर आधी लोळतात. आठवड्याला आठ प्रयोग असतील तर खालचे थर काही आठवड्यांत बदलावे लागतात. चोळीचा भाग सुती अस्तरावर बेतलेला, मागून हुकांनी बंद होणारा. हुका-आकड्यांच्या दोन-तीन रांगा ठेवल्या तर एकच चोळी दोन अंगांना बसवता येते.

ही शेवटची गोष्ट इथे कळीची होती. लंडनमध्ये राजकन्या ऑरोराची भूमिका एकीने केली नाही. पहिल्या रात्री ओल्गा स्पेसिव्हत्सेवा, आणि पुढे ल्युबोव्ह येगोरोव्हा, व्हेरा त्रेफिलोव्हा, लिडिया लोपोकोव्हा, व्हेरा नेमचिनोव्हा. रोज प्रयोग म्हटले की भूमिका आळीपाळीने द्याव्याच लागतात. लोपोकोव्हा बुटकी आणि गुटगुटीत, स्पेसिव्हत्सेवा सडपातळ. एका टूटूत दोघी बसणं शक्यच नाही. एका भूमिकेचा खर्च दुप्पट-तिप्पट होतो तो असा. दीर्घ मुदतीच्या खेळात ही बदली माणसं गृहीतच धरावी लागतात. छोट्या बॅलेंच्या कंपनीला ती सवय नव्हती.

शिवाय समूहातल्या नर्तकांना एका रात्रीत अनेक वेळा कपडे बदलायचे: दरबारातून गावात, गावातून शिकारीत, शिकारीतून लग्नात. असा पोशाख एकट्याने काढता-घालता यायला हवा. मागे नाडीने आवळायची चोळी बदलायला दुसरा हात लागतो आणि दोन मिनिटं जातात. हूक तीस सेकंदांत होतात, पण ताणाखाली एकेक करून सुटतात.

२ नोव्हेंबरची रात्र

खेळ ३१ ऑक्टोबरला उघडायचा होता. तो बुधवारी, २ नोव्हेंबरला उघडला. त्या रात्री कपड्यांनी दगा दिला नाही, यंत्रांनी दिला. लायलॅक परीच्या जादूने राजवाड्याभोवती जंगल उगवतं तिथे यंत्रणा करकरली आणि अडकली. पुढे जाळीचे पडदे एका उभ्या देखाव्यावर अडकून कापडाच्या दुकानातल्या ढिगासारखे साचले. त्या रात्री दियागिलेव्ह रडल्याचं जवळच्यांनी लिहून ठेवलं आहे.

समीक्षकांनी पोशाखांवर टीका केली ती बहुधा अतिरेकाची. लंडनच्या ज्या रसिकांनी याच कंपनीकडून पिकासो आणि माटिस पाहिले होते, त्यांना हा राजदरबार म्हणजे मागे टाकलेलं पाऊल वाटलं. साध्या प्रेक्षकाला सबंध संध्याकाळ एकच बॅले ही गोष्टच अनोळखी होती. नाताळ बरा गेला, जानेवारीत गर्दी ओसरली. तरीही प्रेक्षागृहात एक छोटा वर्ग होता जो पुन्हा पुन्हा येत राहिला. ५ जानेवारीला एन्रिको चेकेत्ती यांनी रंगमंचावरच्या पन्नास वर्षांनिमित्त दुष्ट परी काराबोस केली. एरवी ती कार्लोता ब्रियांझा करायची. १८९० ची पहिली ऑरोरा तीच. तीस वर्षांनी त्याच गोष्टीत तिच्या अंगावर राजकन्येऐवजी चेटकिणीचा झगा आला.

हिशेब

९५ दिवसांत १०५ प्रयोग झाले, म्हणजे आठवड्याला जवळजवळ आठ. २०,००० पौंडांच्या उचलीपैकी शेवटी ११,००० येणं राहिले. ढोबळमानाने ९,००० वळते झाले असं धरलं तर प्रत्येक प्रयोगामागे फेड झाली ८५-८६ पौंड. त्याच वेगाने उरलेले ११,००० फेडायला आणखी १२८ प्रयोग लागले असते. एकूण २३३. आठवड्याला आठ धरले तर सात महिने. आणि हे गर्दी ओसरली नसती तर. खरं तर ती ओसरत होती, म्हणजे आकडा याहून मोठा.

‘चू चिन चाऊ’च्या २,२३८ पुढे २३३ काहीच नाहीत, असं दियागिलेव्हला वाटलं असेल तर नवल नाही. पण त्या खेळामागे युद्धकाळाची गर्दी होती, सुटीवर आलेले सैनिक होते. १९२१ चं ब्रिटन मंदीत होतं. दुसरं, दीर्घ खेळाचे पोशाख दीर्घ खेळासारखे शिवावे लागतात: धुता येणारी अस्तरं, सुट्या होणाऱ्या बाह्या आणि गळे, बदलण्याजोगे थर, प्रत्येक समूहासाठी राखून ठेवलेलं कापड. इथे घाई आणि वैभव या दोन्हींचा रोख पहिल्या रात्रीकडे होता. महसूल मात्र दोनशे तेहतिसाव्या रात्रीवर टाकलेला.

दोष बाक्स्तवर ढकलण्याची पद्धत आहे, तो पटत नाही. त्यांना वैभव मागितलं गेलं आणि त्यांनी ते दिलं. चूक त्याच्या आधीची आहे: कंपनीच्या कपडेपटाचं बळ फिरतेपणात होतं, आणि हा माल फिरताच येत नव्हता. पाच देखावे आणि तीनशे पोशाख कुठल्या गाडीने, कुठल्या रंगमंचावर नेणार? अल्हाम्ब्रात खेळ बंद पडला की तो सगळीकडेच बंद.

जप्तीनंतर

स्टोल यांच्या हाती तारण आलं, पण त्याचं करायचं काय? मारिन्स्कीच्या तोडीची नर्तकमंडळी असल्याशिवाय ते कपडे कुणाच्या कामाचे नव्हते. तोडून विकले तर कापडाला कापडाचाही भाव येत नाही, कारण प्रत्येक तुकडा बेतून कापलेला असतो. तारण ठेवणाऱ्याला फास बसला आणि घेणाऱ्याला फार काही मिळालं नाही.

दियागिलेव्हची अडचण तातडीची होती. पॅरिसच्या ओपेराला त्यांनी हाच खेळ द्यायचं कबूल केलं होतं. मे महिना समोर, आणि कपडे लंडनमध्ये कुलपाखाली. मार्ग निघाला तो जुन्या पेटाऱ्यातून. १९०९ च्या ‘ल पाव्हियों दार्मिद’ या बॅलेसाठी बनुआ यांनी फ्रेंच राजदरबाराचे पोशाख केले होते. ते बाहेर काढले. परीकथेतल्या पात्रांसाठी नवे कपडे नताल्या गोंचारोव्हा यांनी बेतले. शेवटचा अंक आणि आधीची काही निवडक नृत्यं जोडून एकांकी ‘ऑरोराचं लग्न’ तयार झालं आणि १८ मे १९२२ ला ओपेरात झालं. तो बॅले कंपनीत पुढे वर्षानुवर्षं चालला. तीनशे नव्या पोशाखांना जे साधलं नाही ते बारा-तेरा वर्षं जुन्या कपड्यांनी साधलं, कारण ते पेटाऱ्यात मावत होते आणि एका संध्याकाळचा तिसरा हिस्साच मागत होते.

बाक्स्तचा शेवट कडवट झाला. त्यांना स्ट्राव्हिन्स्कीच्या ‘माव्रा’ या ऑपेराचं नेपथ्य देण्याचा शब्द होता. ते काम लेओपोल्ड सुर्व्हाज यांच्याकडे गेलं. बाक्स्तनी दियागिलेव्हशी संबंध तोडले आणि डिसेंबर १९२४ मध्ये ते वारले. त्याच्या महिनाभर आधी बॅले रूस लंडनला परतला होता. परतला तो स्टोल यांच्याच कोलिझियममध्ये, छोट्या बॅलेंचे पेटारे घेऊन.

कापड आता कुठे आहे

अल्हाम्ब्रा १९३६ मध्ये पाडलं; तिथे आता ओडियन सिनेमा आहे. कपडे मात्र पुढच्या कंपन्यांच्या गोदामांतून फिरत राहिले. १९६८, १९६९ आणि १९७३ मध्ये लंडनमध्ये सोदबीजने बॅले रूसच्या पोशाखांचे लिलाव केले. १९६८ च्या लिलावात बॅले शिकणाऱ्या मुलामुलींच्या अंगावर ते कपडे चढवून रंगमंचावर दाखवले गेले. आजचा कुठलाही वस्त्रसंवर्धक हे ऐकून डोळे मिटून घेईल. ‘स्लीपिंग प्रिन्सेस’चे बरेच पोशाख आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आणि कॅनबेऱ्यातल्या नॅशनल गॅलरी ऑफ ऑस्ट्रेलियात आहेत.

त्या काळच्या रंगमंचीय कपड्यांची झीज ठरावीक जागी होते, आणि ती ओळखता आली तर कपडा कसा वापरला गेला हेही वाचता येतं. काखेत आणि पाठीच्या कण्यावर घामाचे तपकिरी डाग असतात. तिथलं रेशीम आधी कडक होतं आणि मग तुटतं. हुकांभोवती गंजाच्या लहान वर्तुळांत कापड विरलेलं असतं. तांबं असलेल्या जरीखाली हिरवट काजळी. गळ्याच्या आत रंगभूषेचा पिवळट थर. दोन ओळींत हूक दिसले आणि एका ओळीचे आकडे उसवल्याच्या खुणा असल्या, की समजावं हा कपडा दोघींनी वापरला. आतल्या पट्टीवर शाईने लिहिलेली आडनावं असतात, एकावर दुसरं खोडून लिहिलेलं.

सर्वांत अवघड गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. रेशमाचा डिंक काढला की त्याचं वजन जवळजवळ चौथाईने घटतं. ते भरून काढायला, आणि कापड जड-सळसळतं वाटावं म्हणून, त्या काळचे कारखानदार रेशमात कथिलाचे क्षार मुरवत. असं रेशीम दुकानात झकास दिसतं, अंगावर सुंदर पडतं, आणि काही दशकांत घडीच्या रेषांवर आपोआप चिरफाळतं. त्याला कुणी हात लावावा लागत नाही. असा पोशाख पुतळ्यावर उभा करणं धोक्याचं. त्याला आडवं ठेवून, घड्यांत आम्लरहित कागदाच्या गुंडाळ्या भरून, शिवाय उजेड मंद ठेवूनच जपावं लागतं. पाण्याने धुण्याचा प्रश्नच नाही, कारण रंगवलेली नक्षी आणि टार्लटनची खळ दोन्ही वाहून जातील.

तोच बॅले लंडनमध्ये पुन्हा मोठ्या प्रमाणात उभा राहिला २० फेब्रुवारी १९४६ ला, युद्धानंतर रॉयल ऑपेरा हाऊस उघडलं तेव्हा. कापड रेशनवर होतं. ऑलिव्हर मेसेल यांनी पडद्यांचं कापड, रंग आणि मिळेल त्या सामानातून दरबार उभा केला. ते नेपथ्य वीसएक वर्षं चाललं. तिथे स्वतःची इमारत, कायमची कंपनी आणि एकाच ठिकाणी राहणारा कपडेपट होता. १९२१ मध्ये यांतलं एकही नव्हतं.

बाक्स्तचा दरबार परत आला तो २०१५ मध्ये. अमेरिकन बॅले थिएटरसाठी अलेक्सेई रातमान्स्की यांनी जुन्या टिपणांवरून ‘स्लीपिंग ब्यूटी’ बसवला आणि रिचर्ड हडसन यांनी पोशाख-पडदे १९२१ च्या बाक्स्तवरून बेतले. मार्चमध्ये कॅलिफोर्नियात कोस्टा मेसा इथे तो उघडला, आणि त्याच वर्षी मिलानच्या ला स्काला थिएटरातही झाला. निर्मिती दोन्ही संस्थांच्या भागीदारीतली होती, म्हणजे शिवणाईचं बिल सुरुवातीपासूनच दोन घरांत वाटलेलं.